चिमणीचा वायू मोजताना आधी ऑक्सिजन बघा

वाळूज-चिकलठाण्यातले औषधांचे आणि वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने, जालन्याच्या रोलिंग मिल, लातूरच्या तेलगिरण्या, बीड-धाराशिव-नांदेडकडचे साखर कारखाने. इंधन प्रत्येकाचं वेगळं: बगॅस (उसाचं चिपाड), कोळसा, पऱ्हाटीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या कांड्या), फर्नेस ऑइल, एलपीजी. मोजणीतली चूक मात्र सगळीकडे एकच होते. ॲनालायझरवर, म्हणजे वायू मोजायच्या यंत्रावर, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) किंवा एसओटूचा (सल्फर डायऑक्साइड) आकडा दिसला की तो वहीत उतरवला जातो आणि शेजारचा ऑक्सिजनचा रकाना रिकामा राहतो. ऑक्सिजन नसेल तर बाकीच्या एकाही आकड्याला अर्थ नाही. चिमणीत बाहेरची हवा जितकी जास्त मिसळेल तितका प्रत्येक प्रदूषक कमी दिसतो. डेअरीवर दुधात पाणी घातलं की फॅट खाली येते, तसंच हे. ते पाणी किती घातलं गेलंय, हे फक्त ऑक्सिजन सांगतो.

म्हणून पुढची सगळी पद्धत ऑक्सिजनभोवती फिरते.

कन्सेंट उघडून बसा

मोजमापाला निघण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे आपण ज्याला कन्सेंट म्हणतो ते, समोर घ्या आणि चार गोष्टी वेगळ्या कागदावर लिहा. कोणत्या चिमणीला कोणते घटक लागू आहेत. मर्यादा पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) आहे की मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटरमध्ये. ती किती टक्के ऑक्सिजनला किंवा सीओटूला (कार्बन डायऑक्साइड) धरून दिली आहे. आणि मोजणी किती दिवसांनी करायची आहे. घन इंधनाच्या बॉयलरसाठी धूलिकणांची मर्यादा बहुधा १२ टक्के सीओटूला धरलेली असते. हा तळटिपेतला तपशील सुटला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

'नॉर्मल' म्हणजे काय, हेही पक्कं करा. आपल्याकडच्या मंडळांच्या हिशेबात नॉर्मल घनमीटर २५ अंश सेल्सिअस, ७६० मिमी पारा आणि कोरडा वायू असा धरतात. युरोपीय बनावटीची बरीच यंत्रं आतला हिशेब ० अंशावर करतात. तेव्हा सीओचा १ पीपीएम १.२५ मिलिग्रॅम होतो, तर २५ अंशांवर तो १.१४५ होतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये हे बघितलं नाही तर अहवाल कायम नऊ टक्के चढा जातो आणि कारण कुणालाच सापडत नाही.

पोर्टहोल कुठे हवं

चांगला ॲनालायझर चुकीच्या जागी घातला तर तो चुकीचाच आकडा देतो, फक्त दोन दशांश स्थळांपर्यंत देतो. पोर्टहोलला, म्हणजे प्रोब (वायू ओढणारी नळी) आत घालायच्या भोकाला, वायू सरळ, एकसारखा वाहत असेल अशी जागा हवी. नियम असा: शेवटचा बेंड, डॅम्पर (वायूची वाट कमी-जास्त करणारी झडप), फॅन किंवा डक्टचा प्रवेश यानंतर चिमणीच्या व्यासाच्या आठपट अंतर सोडा आणि पुढच्या अडथळ्याआधी किंवा चिमणीच्या तोंडाआधी दुप्पट. चिमणीचा आतला व्यास ०.९ मीटर असेल तर खालून किमान ७.२ मीटर आणि वरून किमान १.८ मीटर. डक्ट चौकोनी असेल तर लांबी-रुंदीच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला दोन्हींच्या बेरजेने भागा, तो समतुल्य व्यास.

पोर्टहोल दोन हवेत, एकमेकांना काटकोनात, आतून १०० मिमी तरी मोकळे. धूलिकणांचा नोझल असलेला प्रोब त्याहून लहान भोकातून जात नाही. प्रत्येकाला फ्लँज (बोल्ट लावायची कड) आणि ब्लाइंड प्लेट (बंद झाकण) असावी, नुसती चिंधी कोंबून बंद केलेलं भोक चालत नाही. पावसाळ्यात बोल्ट गंजतात, म्हणून दर चार महिन्यांनी ते काढून त्यांना ग्राफाइट ग्रीस लावा. नाहीतर मोजणीच्या दिवशी ग्राइंडर शोधत फिरावं लागतं.

प्लॅटफॉर्मवर दोन माणसं आणि सामान मावलं पाहिजे. कठडा, टो-गार्ड (पायाशी असलेली आडवी पट्टी) आणि जवळ २३० व्होल्टचा पॉइंट हवा. वर जाताना फुल बॉडी हार्नेस आणि कमरेला सीओ अलार्म लावायचा, त्याचा पहिला इशारा ३५ पीपीएमच्या आसपास ठेवा. २०२५ मध्ये रद्द झालेल्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत आठ तासांची सीओ मर्यादा ५० पीपीएम होती, आणि गळक्या फ्लँजजवळ उभ्या माणसाला तेवढा सीओ सहज लागतो. प्लेट काढताना समोर उभं राहू नका, बाजूला राहून आधी खालचा बोल्ट सैल करा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं आभाळ भरलं की काम थांबवून खाली या. उघड्या माळावरच्या चिमणीवर वीज पडायला वेळ लागत नाही.

यंत्र कोणतं

रोजच्या तपासणीला हातात धरायचा इलेक्ट्रोकेमिकल सेलचा ॲनालायझर पुरतो. त्यात ऑक्सिजन, सीओ आणि एनओचे (नायट्रिक ऑक्साइड) सेल असतात. कोळसा किंवा फर्नेस ऑइल जाळत असाल तर एसओटूचा सेलही घ्या. सीओचा सेल हायड्रोजन-कॉम्पेन्सेटेड (हायड्रोजनचा परिणाम वजा करणारा) आहे का, हे विचारूनच खरेदी करा. हायड्रोजन या सेलला सीओसारखाच वाटतो. प्रोड्युसर गॅसवर (कोळसा किंवा लाकूड अर्धवट जाळून केलेला वायू) चालणाऱ्या भट्टीत साधा सेल शेकडो पीपीएम जास्त दाखवू शकतो.

सीओटू ही बहुतेक हँडहेल्ड यंत्रं मोजतच नाहीत. ऑक्सिजनवरून आणि निवडलेल्या इंधनावरून हिशेबाने काढतात. सूत्र असं: इंधनाचा कमाल सीओटू, गुणिले (२१ वजा ऑक्सिजन), भागिले २१. बगॅस आणि लाकडी इंधनाचा कमाल सीओटू २० टक्क्यांच्या थोडा वर, फर्नेस ऑइलचा साधारण १६, एलपीजीचा १४च्या आत, नैसर्गिक वायूचा १२च्या आत. यंत्र बाहेरून येताना बहुधा नैसर्गिक वायूवर लावलेलं असतं. ऑक्सिजन १० टक्के असताना बगॅससाठी खरा सीओटू साडेदहाच्या आसपास असतो, पण चुकीच्या सेटिंगवर यंत्र ६.२ दाखवतं. मग १२ टक्के सीओटूचा हिशेब करताना धूलिकणांचा आकडा पावणेदोनपटीच्या जवळ फुगतो आणि कारखाना उगाच मर्यादेबाहेर दिसतो. इंधन बदललं की यंत्रातलंही इंधन बदला. ब्रिकेट आणि कोळसा मिसळून जाळत असाल तर ज्याचं उष्मांकात प्रमाण जास्त तेच निवडा आणि तसं नोंदवून ठेवा.

मोजणी, क्रमाने

यंत्र सुरू करायचं ते उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. बॉयलर हाउसमध्ये नाही. सुरुवातीला यंत्र आजूबाजूची हवा शुद्ध समजून ऑक्सिजन २०.९ आणि बाकी सगळं शून्य धरतं. तिथल्या हवेत ३० पीपीएम सीओ असेल तर पुढचं प्रत्येक वाचन ३० ने कमी येणार. झिरो होताना प्रोब चिमणीत असता कामा नये, हे यंत्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि तरीही घाईत हमखास चुकतं.

त्यानंतर गळती तपासा. प्रोबचं टोक रबरी बुचाने किंवा अंगठ्याने घट्ट बंद करा. पंपाचा आवाज दबला पाहिजे आणि काही सेकंदांत फ्लोची (प्रवाह अडल्याची) सूचना आली पाहिजे. पंप आरामात चालत राहिला तर नळी, वॉटर ट्रॅपचं (पाणी अडवणारी डबी) झाकण किंवा फिल्टरची ओ-रिंग कुठेतरी हवा ओढतेय. बहुतेक वेळा दोष ट्रॅपच्या ओ-रिंगचा असतो. ती काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, परत बसवा, पुन्हा तपासा. या दोन मिनिटांच्या तपासणीवाचून घेतलेलं वाचन आम्ही धरणार नाही, कारण गळक्या नळीतून आलेली हवा ऑक्सिजन वाढवते आणि बाकी सगळं कमी करते, म्हणजे चूक नेहमी कारखान्याला सोयीच्या दिशेनेच होते.

फिल्टर पांढरा असावा. करडा झाला की बदला, काळा होईपर्यंत वाट पाहू नका. ट्रॅप रिकामा आणि कोरडा हवा. नळी प्रोबपासून यंत्राकडे उतरती ठेवा. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साठतं. एसओटू आणि एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) पाण्यात विरघळतात, म्हणून ओली नळी हे दोन्ही घटक गिळून टाकते. एसओटूचं वाचन अचानक शून्याकडे गेलं आणि ऑक्सिजन जिथल्या तिथे राहिला, तर इंधन सुधारलं असं समजू नका, नळीत पाणी आहे. तेच ऑक्सिजनही सोबत चढला, तर गळती शोधा.

आता प्रोब घाला आणि भोक ग्लास फायबरच्या दोरीने किंवा कोन अडकवून बंद करा. बहुतेक चिमण्यांत आयडी फॅनपर्यंत (भट्टीतला वायू ओढून चिमणीत ढकलणारा पंखा) आत ओढ असते, आणि उघड्या भोकातून आलेली हवा थेट प्रोबच्या टोकावर जाते. टोक मध्यभागी नेताना दर १० सेंटिमीटरला थांबून तापमान आणि ऑक्सिजन बघा. तापमान सर्वांत जास्त आणि ऑक्सिजन सर्वांत कमी जिथे, तो वायूचा गाभा. भिंतीजवळ आणि गाभ्यात ऑक्सिजनचा फरक एक टक्क्याहून जास्त असेल तर तिथे वायू नीट मिसळलेला नाही. मग एका बिंदूवर भागत नाही, व्यासभर बिंदू घेऊन सरासरी काढावी लागते.

वाचन स्थिर व्हायला तीन ते पाच मिनिटं द्या. मग दर मिनिटाला एक, अशी किमान १५ मिनिटं नोंद. हाताने इंधन टाकायच्या बॉयलरला ही १५ मिनिटं अपुरी आहेत. फायरमनने दार उघडून टोपलं टाकलं की सीओ पार चढतो आणि पुढच्या टोपल्यापर्यंत उतरत जातो. तिथे निदान तीन फेऱ्या पूर्ण मोजा आणि दार उघडल्याची प्रत्येक वेळ बाजूला लिहा. त्याच वेळी बॉयलरचा लोड, म्हणजे वाफेचा दाब, प्रवाह आणि तासाला लागलेलं इंधन, नोंदवा. चाळीस टक्के लोडवर घेतलेलं वाचन पूर्ण लोडबद्दल काहीही सांगत नाही.

सीओ ४,००० पीपीएमच्या पुढे जातोय असं दिसलं तर प्रोब बाहेर काढा. साध्या सेलची कमाल मर्यादा इथेच कुठेतरी असते, आणि त्यापुढे सेल तासन्‌तास शून्यावर येत नाही. काम झाल्यावर यंत्र लगेच बंद करू नका. स्वच्छ हवेत पंप चालू ठेवा. सीओ पाचच्या आत आणि ऑक्सिजन २०.९ वर आला की मग बंद. सुरुवातीला आणि शेवटी स्वच्छ हवेत मिळालेले आकडेही लिहा. शेवटी ऑक्सिजन २०.४ वर अडकला असेल तर मधली सगळी वाचनं संशयित.

आकडा वाचण्यालायक करणं

एक उदाहरण पूर्ण सोडवू. ताशी सहा टन वाफेचा ब्रिकेटचा बॉयलर. चिमणीत ऑक्सिजन ११ टक्के, सीओ ४२० पीपीएम, एनओ ११० पीपीएम, तापमान १६५ अंश. हिशेब ६ टक्के ऑक्सिजनला धरून करायचा आहे.

सीओ: ४२० गुणिले १.१४५ म्हणजे ४८१ मिलिग्रॅम. दुरुस्तीचा गुणक (२१ वजा ६) भागिले (२१ वजा ११), म्हणजे १.५. उत्तर ७२१ मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर. एनओएक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून) एनओटूच्या रूपात सांगायचे असतात. एनओ हा एकूण एनओएक्सच्या सुमारे ९५ टक्के धरला तर ११६ पीपीएम. एनओटूचा गुणक १.८८, म्हणून २१८ मिलिग्रॅम, आणि दुरुस्तीनंतर ३२७. एसओटूचा २५ अंशांवरचा गुणक २.६२. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे अहवालात द्या.

धूलिकणांचा हिशेब १२ टक्के सीओटूला असेल तर मोजलेला आकडा गुणिले १२ भागिले मोजलेला सीओटू. ११० मिलिग्रॅम मोजले आणि सीओटू ८ टक्के असेल, तर १६५ होतात. मर्यादा १५० असेल तर कागदावर पास वाटणारा बॉयलर प्रत्यक्षात नापास.

एका ठिकाणी ही दुरुस्ती लावायची नसते, आणि जालन्यात ते कळीचं आहे. विजेने धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीत इंधन जळत नाही. हुडमधून ओढलेला धूर जवळपास हवाच असते, ऑक्सिजन २०च्या वर. त्याला ऑक्सिजनची दुरुस्ती लावली तर भाजक शून्याजवळ जाऊन अशक्य आकडे येतात. तिथे धूलिकण जसे मोजले तसेच सांगायचे. त्याच आवारातली रीहीटिंग फर्नेस (पोलाद पुन्हा तापवायची भट्टी) मात्र इंधनावर चालते आणि तिला दुरुस्ती लागते. तिचं वाचन डिस्चार्जचं दार बंद असताना आणि शक्य तर रिक्युपरेटरच्या (धुराच्या उष्णतेने हवा तापवणारा भाग) आधी घ्या. तेलावर चालत असेल तर ऑक्सिजन ३-४ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, कारण जास्तीचा ऑक्सिजन बिलेटवर (पोलादाचा ठोकळा) स्केल, म्हणजे ऑक्साइडचा पापुद्रा, धरतो आणि ते वजन कायमचं गेलं.

खोटी हवा

वरच्या उदाहरणातला ११ टक्के ऑक्सिजन आला कुठून, हा खरा प्रश्न. तोच प्रोब इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेने पाणी तापवणारा भाग) बाहेर घाला. तिथे ६ टक्के आला, तर मधल्या वाटेत बाहेरची हवा घुसतेय. किती? (२१ वजा ६) भागिले (२१ वजा ११), म्हणजे दीडपट. भट्टीतून १०० घनमीटर वायू निघाला आणि चिमणीत १५० पोचला. आयडी फॅन ही ५० घनमीटर फुकटची हवा वाहून नेतो, विजेचं बिल वाढतं आणि भट्टीतली ओढ मात्र कमी पडते. मग फायरमन डॅम्पर आणखी उघडतो आणि गळती आणखी वाढते.

शोधायची ठिकाणं ठरलेली आहेत: ॲश हॉपरचं झाकण, रोटरी एअरलॉकचे झिजलेले पाते, मल्टिसायक्लोनचं (धूळसंकलक) साफसफाईचं दार, डक्टचा फाटलेला कापडी एक्स्पान्शन जॉइंट, एअर प्रीहीटरच्या (धुराच्या उष्णतेने भट्टीची हवा तापवणारा भाग) सडलेल्या ट्यूब. बॉयलर चालू असताना संशयाच्या जागी अगरबत्ती धरा, धूर आत ओढला गेला की जागा सापडली. एअर प्रीहीटरची गळती अशी दिसत नाही, तिथे आधी आणि नंतर ऑक्सिजन मोजूनच कळते. दर महिन्याला भट्टीबाहेर, प्रीहीटरनंतर, धूळसंकलकानंतर आणि चिमणीत असा चार ठिकाणचा ऑक्सिजन एकाच तासात घेऊन ठेवा. कोणत्या टप्प्यात उडी वाढत चाललीय हे दोन-तीन महिन्यांत आपोआप दिसतं. सगळ्या मोजमापांत कमी खर्चाचं आणि जास्त फायद्याचं हेच आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऑक्सिजन आणि सीओ जोडीने वाचा

भट्टीबाहेरचा ऑक्सिजन वायुरूप इंधनाला २ ते ३ टक्के, तेलाला ३ ते ४, घन इंधनाला शेगडीच्या प्रकारानुसार ५ ते ८ असा असावा.

ऑक्सिजन कमी आणि सीओ जास्त असेल तर हवा कमी पडतेय. एफडी फॅनचा (भट्टीत हवा ढकलणारा पंखा) डॅम्पर, शेगडीखालची राख आणि बर्नरचं हवेचं प्रमाण बघा. दोन्ही जास्त असतील तर हवा आहे, पण जिथे हवी तिथे नाही. शेगडीवर एका बाजूला ढीग आणि दुसरीकडे उघडे खड्डे, क्लिंकरने (वितळून घट्ट झालेली राख) बुजलेली भोकं, सेकंडरी एअरचे (शेगडीच्या वरून दिलेली हवा) बंद नोझल, किंवा इंधन ओलं. पावसात उघड्यावर भिजलेली ब्रिकेट असंच करते. सोयाबीनचं भुस्कट जास्त असलेल्या ब्रिकेटमध्ये पोटॅश भरपूर, त्यामुळे राख लवकर मऊ होऊन क्लिंकर धरते, तिथे शेगडी साफ करायच्या दोन वेळांमधलं अंतर कमी करावं लागतं. सीओ कमी पण ऑक्सिजन जास्त असेल तर जास्तीची हवा गरम करून बाहेर सोडताय. धुराड्याचं तापमान साधारण २२ अंशांनी खाली आणलं की इंधनात एक टक्का बचत होते, हा ढोबळ हिशेब इथे उपयोगी पडतो. पण फर्नेस ऑइल किंवा गंधकाचा कोळसा असेल तर १५० अंशांच्या खाली जाऊ नका, आम्लाची वाफ द्रवरूप होऊन डक्ट आणि प्रीहीटर खाते.

साखर कारखान्यात नेहमीचा वाद असतो: पॅनलवरचा झिर्कोनिया (डक्टमध्ये कायम बसवलेला ऑक्सिजनचा सेन्सर) ५ टक्के ऑक्सिजन दाखवतो आणि त्याच जागी हँडहेल्ड ६.४. दोन्ही बरोबर आहेत. झिर्कोनिया ओल्या वायूत मोजतो, हँडहेल्ड पाणी काढून. बगॅसमध्ये ५० टक्के ओल असते, त्यामुळे वायूत २० ते २५ टक्के वाफ असते. ५ भागिले ०.७८ केलं की ६.४ येतात. मंडळाच्या हिशेबाला कोरडा आकडा लागतो. मात्र वायूत सीओ खूप असेल तर तो झिर्कोनियाच्या तापलेल्या पृष्ठभागावर जळतो आणि ऑक्सिजन खरोखरीपेक्षा कमी दिसतो. तेव्हा वाद मिटवायला हँडहेल्डच प्रमाण धरा.

धूलिकण आणि वेग

हे काम आयएस ११२५५ या भारतीय मानकाप्रमाणे मान्यताप्राप्त प्रयोगशाळा करते, पण त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवणं तुमचं काम. नोझलमधला वेग आणि चिमणीतला वेग सारखा हवा, प्रमाण ९० ते ११० टक्क्यांत. नोझल हळू ओढत असेल तर जड कण स्वतःच्या वेगाने आत घुसतात आणि आकडा फुगतो. जोरात ओढत असेल तर आकडा घटतो. थिंबल (धूळ अडवणारी गाळणी) आधी आणि नंतर १०५ अंशांवर सुकवून, डेसिकेटरमध्ये थंड करून तोललेला असावा.

वेगासाठी एस-टाइप पिटो ट्यूब (दाबाच्या फरकावरून वेग काढणारी नळी), तिचा गुणांक साधारण ०.८४. व्यासावरच्या प्रत्येक बिंदूवर दाबाचा फरक घ्या. सरासरी वर्गमुळांची काढायची, दाबांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ नाही. फरक ५ मिमी पाणी, म्हणजे ४९ पास्कल, आणि वायूची घनता ०.७६ किलो प्रति घनमीटर असेल तर वेग साडेनऊ मीटर प्रति सेकंद येतो. ०.९ मीटर व्यासाच्या चिमणीत ताशी सुमारे २१,८५० घनमीटर.

आता नॉर्मलमध्ये रूपांतर. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. तिथला प्रत्यक्ष हवेचा दाब ७१० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो, नांदेडला ७२८च्या. १६५ अंश आणि ८ टक्के ओल धरून वरचा प्रवाह १२,७७० नॉर्मल घनमीटर होतो. दाब ७६० धरला तर १३,६७०, म्हणजे सात टक्के चुकीचा. हाच दोष धूलिकणांच्या नमुन्यातल्या वायूच्या आकारमानातही शिरतो आणि तिथे धूलिकण सात टक्के कमी दिसतात. मोबाइलवरच्या हवामानात १००८ किंवा १०१० हेक्टोपास्कल दिसतो तो समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो, तो कधीही वापरू नका. साधा ॲनेरॉइड बॅरोमीटर घ्या आणि प्रयोगशाळेच्या फील्डशीटवर दाबाचा रकाना स्वतः वाचा. तिथे ७६० छापलेलं दिसलं तर विचारा.

ऑनलाइन यंत्रणा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ च्या निर्देशांनी १७ उद्योगवर्गांना सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसवायला लावली. साखर, डिस्टिलरी, औषधनिर्मिती, सिमेंट, औष्णिक वीज हे त्यातले आपल्याकडचे. यंत्रणा पुरवठादाराच्या भरवशावर सोडली की हे दोष शिरतात.

हीटेड लाइनचा (चिमणीपासून ॲनालायझरपर्यंतची तापती नळी) एखादा तुकडा थंड पडतो. हात लावून बघा, कोमट लागला तरी तिथे पाणी धरतंय. पेल्टिअर कूलरचं (वायू थंड करून पाणी काढणारा विजेवरचा कूलर) तापमान ५ अंशांच्या आसपास असावं. मेमध्ये शेडचं तापमान ४५च्या पुढे गेलं की कूलर १५-२० अंशांवरच अडकतो, ओल ॲनालायझरपर्यंत जाते आणि एसओटूचा एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी मोजणारा सेन्सर) वर सरकतो, म्हणजे जास्त दाखवतो. ॲनालायझरच्या खोलीला एसी आणि दुसरा राखीव एसी, दोन्ही युपीएसच्या मागे नसले तरी जनरेटरवर हवेतच.

सिग्नल ४-२० मिलिॲम्पिअरचा असेल तर ॲनालायझरची रेंज आणि डेटा लॉगरची रेंज जुळवून बघा. एकीकडे ०-१०००, दुसरीकडे ०-५०० असेल तर वर्षभर निम्मा आकडा मंडळाला जात राहतो आणि पुढे तो लपवाछपवीसारखा दिसतो. स्पॅन गॅस (ठाऊक प्रमाणाचा तपासणीचा वायू) सोडताना ॲनालायझरच्या पडद्यावरचा आणि सर्व्हरवर पोचलेला आकडा एकाच मिनिटाला वाचा, हा दोष पाच मिनिटांत उघडा पडतो. स्पॅन गॅस प्रोबच्या टोकापासून सोडा. थेट ॲनालायझरच्या मागच्या पोर्टला सोडला तर लाइन, फिल्टर आणि कूलर यातला कुठलाच दोष तपासला जात नाही. सिलिंडरच्या प्रमाणपत्राची मुदत बघा. गॅसचं प्रमाण रेंजच्या ६० ते ८० टक्के असावं.

बॉयलर बंद असताना चिमणीत ऑक्सिजन २०.८ असतो. ६ टक्क्यांच्या दुरुस्तीचा गुणक तेव्हा ७५ होतो आणि सेलच्या ४ पीपीएम ड्रिफ्टचे (आपोआप सरकलेल्या शून्याचे) ३०० पीपीएम होऊन मोबाइलवर इशारे येतात. शटडाउन, स्टार्टअप आणि कॅलिब्रेशनचे फ्लॅग (त्या वेळच्या आकड्यांवरच्या खुणा) लॉगरमध्ये नीट लावून घ्या आणि सुरू-बंद झाल्याची वेळ बॉयलरच्या लॉगबुकशी जुळती ठेवा.

उन्हाळा आणि पाणी

हँडहेल्ड यंत्र उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, सेल सुकतात. प्लॅटफॉर्मवर ओल्या फडक्याची सावली करा, आणि खाली झिरो केलेलं यंत्र वर दहा अंश जास्त तापमानात गेलं असेल तर तिथल्या स्वच्छ हवेत पुन्हा झिरो घ्या.

वेट स्क्रबर (पाण्याच्या फवाऱ्याने धूर धुणारी टाकी) असलेल्यांनी मार्चपासून जास्त जपावं. टँकरचं पाणी वापरायची वेळ आली की स्क्रबरचा ब्लोडाउन (खराब पाणी काढून टाकणं) लांबवला जातो, तेच पाणी फिरत राहतं, त्याचा पीएच ५च्या खाली उतरतो आणि ते एसओटू धरेनासं होतं. गाळाने नोझल बुजतात ते वेगळंच. चिमणीतला एसओटू हळूहळू चढतोय आणि भट्टीबाहेरचा जैसे थे आहे, तर इंधन बदलायच्या आधी स्क्रबरच्या टाकीत पीएच पेपर बुडवा. चुन्याची निवळी किंवा कॉस्टिक घालून पीएच ७च्या आसपास ठेवा आणि दर पाळीला लिहा.

नोंदवही

एका ओळीत हे सगळं बसलं पाहिजे: तारीख, वेळ, चिमणी, इंधन आणि त्याची ओल, लोड, पोर्टची जागा, ऑक्सिजन, सीओ, एनओ, एसओटू, वायूचं तापमान, बाहेरचं तापमान, बॅरोमीटर, सुरुवातीचा आणि शेवटचा हवेतला ऑक्सिजन, फिल्टर बदलला का, सही. ऑक्सिजन-सीओ-तापमान प्रत्येक पाळीला, चार ठिकाणचा ऑक्सिजन महिन्याला, ॲनालायझरला स्पॅन गॅस दर तीन महिन्यांनी, प्रयोगशाळेचा नमुना कन्सेंटमध्ये लिहिल्याप्रमाणे. प्रयोगशाळा येईल त्या दिवशी त्यांच्या शेजारच्या पोर्टमध्ये तुमचंही यंत्र त्याच वेळेला लावा. ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या आत जुळला तर पुढच्या घटकांची तुलना करा, जुळला नाही तर दोघांच्याही नळ्या तिथेच, माणसं प्लॅटफॉर्मवर असतानाच, पुन्हा गळतीसाठी तपासा.